माझ्या आईच्या ताटाचा फोटो

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. मी चिडले की आई काही बोलत नाही, समोर काहीतरी खायला ठेवते आणि आपल्या कामाला निघून जाते. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. इथं जो राग सांगायला बसले आहे तो मात्र अजून गेलेला नाही, आणि त्याची सुरुवातच जेवणापासून झाली.

आमचं गाव खटकचिंचोळी, भालकी तालुक्यातलं. घरची काळी जमीन आहे. तूर, सोयाबीन, ज्वारी होते, विहिरीला पाणी टिकतं, दावणीला म्हशी आहेत. आम्ही श्रीमंत नाही, पण कुणापुढं हात पसरायची वेळ आमच्यावर आलेली मला आठवत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं सगळं याच गोष्टीवर येऊन अडणार आहे.

दहावीनंतर मी बीदरला पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेले आणि मैलूरमध्ये मुलींच्या हॉस्टेलवर राहू लागले. माझं कन्नड शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून शिकलेलं. बोलायला अडत नव्हतं, पण तोंड उघडलं की मराठी बाहेर डोकावायची आणि वर्गात खसखस पिकायची. पहिल्या आठवड्यात एका मुलीनं मागं वळून हसणाऱ्यांना असं काही झापलं, की त्यानंतर कुणी हसलं नाही. मग तिनं आपलं दप्तर बाजूला सरकवून मला बाकावर जागा दिली. ती माझी मैत्रीण झाली. तिच्या वडिलांचं बीदरमध्येच हार्डवेअरचं दुकान होतं. घरात बसवण्णांचा फोटो, बोलणं कन्नड, दुकानात दख्खनी आणि माझ्याशी मराठी. हॉस्टेलच्या वरणाला कंटाळले की मी तिच्या घरी जाऊन जेवायची. दोन वर्षं मी तिला सख्ख्या बहिणीसारखं मानत होते, हे लिहिताना आजही जीव जळतो.

दुसऱ्या वर्षी आमच्या इंग्रजीच्या सरांनी बेंगळुरूकडच्या एका खाजगी विद्यापीठाचं सांगितलं. तिथं नुसत्या मार्कांवर घेत नाहीत. वर्गाबाहेर तुम्ही काय करता ते विचारतात, निबंध मागतात, मुलाखत घेतात. आणि काही मुलांना, ज्यांना खरंच गरज आहे असं त्यांना पटतं त्यांना, सगळी फी माफ. तिथं भाषांचा अभ्यास शिकवत होते. एकच माणूस घरात एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा कसा बोलतो, यावर तिथं लोक आयुष्य घालवतात, हे मी वाचलं आणि मला दुसरं काही सुचेना. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्पष्ट सांगितलं, फी माफ झाली तर जा, नाहीतर बीदर-कलबुर्गी काय वाईट आहे. म्हणजे माझ्यापुढं एकच वाट होती, आणि ती त्या मुलाखतीतून जात होती.

सर संध्याकाळी 'प्रोफाइल'चा क्लास घ्यायचे. हा शब्द ते जातीच्या दाखल्यासारखा उच्चारायचे. असेल तर माणूस, नसेल तर कुणी नाही. मार्क काय, सगळ्यांकडंच असतात, प्रोफाइल पाहिजे, असं म्हणायचे. मग एकेकाचं प्रोफाइल तयार व्हायला लागलं. ज्याला ताल कळत नव्हता तो तबलावादक झाला. ज्यानं घरी कधी झाडू धरला नाही तो स्वच्छतेचा दूत झाला. कॉलेजच्या मागं एक लिंबाचं रोप होतं, ते आमच्या बॅचच्या कितीतरी जणांनी लावलं. एकानं लावायचं, फोटो काढायचा, उपटायचं, मग दुसऱ्यानं लावायचं. ते रोप काही जगलं नाही. आम्ही दोघी मागं बसून हसायचो. ती तर माझ्याहून जास्त हसायची.

माझं म्हणाल तर, माझ्याकडं एक काम होतं. आमच्या गावात उदगीर-देवणीकडच्या मुली सुना होऊन येतात. त्यांना कन्नडचा गंध नसतो. दवाखान्यात जायचं झालं की नर्स कन्नडमध्ये विचारते आणि या मराठीत उत्तर देतात, आणि दोघीही चिडतात. मी आठवीपासून अशा बायांबरोबर भालकीला, कधी बीदरला जायची आणि मधे उभी राहून इकडचं तिकडं सांगायची. कुणाचं पोट, कुणाचं बाळंतपण, कुणाचं नवऱ्यासमोर न सांगता येणारं. सरांनी विचारलं, याचं सर्टिफिकेट आहे का? मी म्हटलं, दवाखान्यात कोण सर्टिफिकेट देणार? सर म्हणाले, मग लिही बापडे, पण यानं काही होणार नाही.

त्याच सुमारास येळवस आली.

लांबच्या वाचकाला येळवस ठाऊक नसेल. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमची वेळ अमावस्या. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शेतं भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. पूजा झाली की जेवण. ओल्या तुरीचे दाणे, वाटाणे, पालेभाज्या, रानात जे जे असेल ते ताक-पीठ लावून शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, बिंदगीत, म्हणजे मातीच्या घागरीत, आणलेली आंबील. रस्त्यानं जो जाईल त्याला हाक मारायची. तो ओळखीचा असो नसो, त्यानं नाही म्हणायचं नसतं. कोपीच्या आसपास कुणी चप्पल घालत नाही, पाटील असो की पाहुणा.

आमच्या घरची आणखी एक रीत आहे. त्या दिवशी घरची बाई सगळ्यात शेवटी जेवते, आणि तिला घरच्या माणसानं वाढायचं नसतं, पाहुण्यानं वाढायचं. वर्षभर ती वाढत असते. त्या दिवशी परक्याच्या हातची पळी तिच्या ताटात पडली की पुढच्या साली दाणा कमी पडत नाही, अशी समजूत. घेताना तिनं ताट दोन्ही हातांनी धरायचं, मान खाली घालायची आणि मागून घ्यायचं. प्रसादच तो.

मैत्रिणीनं येळवस कधी बघितली नव्हती, असं नाही, पण बीदरच्या माणसांनी नातेवाइकांच्या मळ्यात जाऊन जेवून यायचं, एवढीच. मी तिला घरी बोलावलं. ती आली, आणि दिवसभर इतकी रमली की आईनं तिला दोनदा जवळ घेतलं. तिनं कोपीला फेऱ्या मारल्या, आंबील पिऊन नाकाला लावून घेतली, अप्पांबरोबर हरभऱ्यात जाऊन घाटे तोडले. सगळ्यांची जेवणं झाली. आई बसली. बसायच्या चादरी पाहुण्यांखाली होत्या म्हणून ती सरळ मातीवर बसली. सकाळपासून चुलीपुढं असल्यानं नव्या साडीवर तिनं अप्पांचा जुना टॉवेल गुंडाळला होता. मैत्रिणीला म्हणाली, "वाढ गं बाळ. आज तुझ्या हातचं खायचंय मला."

मैत्रिणीनं पळी उचलली, आणि मग थांबून आपला फोन माझ्या हातात दिला. फोटो काढ म्हणाली. मी काढायला लागले तर म्हणाली, थोडी मागं सर, मावशीचे पाय येऊ देत, सगळं येऊ दे. मी मागं सरले. चांगला आला फोटो. आईची मान खाली, पदर डोळ्यांवर आलेला, ताट वर धरलेलं, अनवाणी पाय मातीत. आणि वरून वाकून वाढणारी ती, पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये, चेहऱ्यावर ऊन. मला तो इतका आवडला की मी तिला म्हटलं, मलाही पाठव. पाठवते म्हणाली. पाठवला नाही, आणि मीही विसरले.

त्यानंतर मी निबंधात येळवशीचं लिहिलं. परक्याला हाक मारून जेवू घालायचं आणि मग त्याच्याच हातून मागून घ्यायचं, हे मला जगातली फार शहाणी गोष्ट वाटायची, अजूनही वाटते. सरांनी निबंध वाचला आणि त्या भागावर तिरकी रेघ मारली. सण आहे, सण सगळेच करतात, यात तू काय केलंस, म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, जेवण घालतो आम्ही. सर थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, हे काढ, दवाखान्याचं ठेव. मी काढलं. ते थोडा वेळ बघत राहिले होते, त्याचा अर्थ मला नंतर लागला.

मुलाखतीला माझं नाव निघालं. तिचंही निघालं. मुलाखत घरबसल्या, लॅपटॉपवर होती. हॉस्टेलवर नेट रडतखडत चालायचं, म्हणून ती म्हणाली, माझ्या खोलीत बस, माझा लॅपटॉप घे. तिची आदल्या दिवशी झाली होती, चांगली गेली म्हणत होती. तिनं माझ्या पाठीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलं, खुर्चीवर उशी ठेवली, दार ओढून घेतलं आणि बाहेर गेली. माझ्या मनात आलं, एवढं कोण करतं कुणासाठी.

समोर एक बाई होत्या आणि एक गृहस्थ. बाईंनी दवाखान्याचं विचारलं आणि मी बोलत सुटले. एका सुनेला पोटात 'कळ' येते म्हणायचं होतं आणि नर्सला ती कळ कुठली हे समजेना, तेव्हा मी काय केलं, नवरा शेजारी उभा असताना बाईचं खरं दुखणं नर्सच्या कानात कसं घातलं, सगळं सांगितलं. बाई पुढं झुकून ऐकत होत्या. गृहस्थ एकदा हसले. मला कळत होतं, जमतंय. अंगात वारं भरलं होतं माझ्या.

मग बाईंनी विचारलं, तुमचं गाव खटकचिंचोळी ना? त्या गावात भुकेवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं पान आम्ही इंटरनेटवर पाहिलंय, सगळ्यांना दिसणारं आहे म्हणून दाखवते. आणि त्यांनी ते पडद्यावर आणलं.

मी काढलेला फोटो होता. माझी आई.

वर इंग्रजीत उपक्रमाचं नाव, भुकेल्यांसाठी एक घास असं काहीसं. खाली लिहिलं होतं की सीमाभागातल्या दुष्काळी खेड्यांत शेतमजूर बायका अनवाणी आणि अर्धपोटी राबतात, आणि मी दर अमावस्येला शेतावर जाऊन त्यांना गरम जेवण देते. दर अमावस्येला! आणखी दोन फोटो होते. एकात आमची कोप, तिला 'मजुरांची झोपडी' म्हटलं होतं. दुसऱ्यात अप्पा, घाटे खाताना. संस्थापक म्हणून तिचं नाव, मार्गदर्शक म्हणून सरांचं.

बाई फार मायेनं बोलत होत्या, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी विचारलं, तुमच्या कुटुंबाला या उपक्रमाचा काही लाभ झाला का? आणि पुढं म्हणाल्या, संकोच करू नका, फी माफीचा विचार करताना आम्हाला घरची परिस्थिती समजून घ्यावी लागते. घरी जमीन आहे असं तुम्ही लिहिलंय, पण कधी कधी जमीन असूनही अडचण असते, आम्हाला माहीत आहे.

त्यांनी दार उघडून धरलं होतं. मला फक्त व्हय म्हणून आत जायचं होतं. एवढंच सांगायचं होतं की ही माझी आई आहे आणि त्या दिवशी आम्हाला जेवण मिळालं. त्यातला शब्दन् शब्द तसा खराच होता. मी वेडी नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण पडद्यावर आईची खाली घातलेली मान होती, आणि मला वाटलं, मी व्हय म्हटलं तर ती मान पुन्हा वर यायची नाही.

मी सांगितलं, ही माझी आई आहे. शेत आमचं आहे. जेवण आमचं आहे, पहाटेपासून आईनं रांधलेलं. वाढणारी मुलगी आमची पाहुणी आहे, तिला आम्ही जेवायला बोलावलं होतं. फोटो मी काढलाय. तिथं भुकेलं कुणीच नव्हतं.

बाई मागं टेकल्या. गृहस्थांनी विचारलं, ही मुलगी तुमच्याच वर्गातली का? मी म्हटलं, हो. तिनंही इथं अर्ज केलाय, हे तुम्हाला माहीत होतं? मी म्हटलं, हो. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरचं स्वच्छ वाचता आलं: एका जागेसाठी भांडणाऱ्या दोन पोरी. बाईंनी विचारलं, तुम्ही म्हणता त्याचा काही पुरावा? आमच्या घरात आम्ही जेवलो याचा पुरावा काय द्यायचा असतो, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही.

दार उघडून मी बाहेर आले. मैत्रीण बाहेरच्या सोप्यात बसली होती. तिच्या आईनं माझ्यासाठी मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, वर शेव घातलेली ताटली मैत्रिणीनं माझ्यापुढं केली आणि कशी गेली विचारलं.

मी म्हटलं, "माझ्या मायचा फोटो तू कुठं लावलीस?"

ती दचकली असती तरी मला बरं वाटलं असतं. ती दचकली नाही. तुला सांगणारच होते, म्हणाली. सरांनीच सुचवलं, माझ्याकडं काहीच नव्हतं ना दाखवायला, तुझ्याकडं निदान दवाखाना तरी आहे. आणि मावशीचं तोंड पदरात आहे, कोण ओळखणार आहे तिला. हे सगळं तिनं मला समजावल्यासारखं सांगितलं.

"आमी उपाशी हुतो का गं?" मी विचारलं.

"तसं लिवावं लागतंय," ती म्हणाली. "सगळेच लिवायलेत. तुला राग कामून यायलाय? तुमचं काय कमी झालं त्यात?"

ताटली खाली ठेवली आणि निघून आले. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात, असं लहानपणापासून ऐकलं होतं. हिनं तर वासे मोजून वर स्वतःच्या नावावर करून घेतले होते. हॉस्टेलपर्यंत मी रडत गेले, आणि आपण रडतोय याचाच मला जास्त संताप येत होता. त्या बाकावर तिनं दप्तर सरकवलं होतं ते आठवायचं आणि पुन्हा रडू यायचं. तेही खोटं होतं का? मला वाटत नाही. खोटं असतं तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सरांकडं गेले. मला वाटलं होतं, सर निदान नजर चुकवतील. सरांनी मला बसवलं, चहा सांगितला. विद्यापीठातून त्यांना फोन आला होता. ते म्हणाले, "बाळ, मी सांभाळून घेतलंय. उपक्रम खरा आहे, माझ्या देखरेखीखाली चालतो, आणि या मुलीवर परीक्षेचा ताण आहे, म्हणून तिचा गैरसमज झाला, असं सांगितलं. तुझ्याबद्दल वाईट शब्द काढला नाही."

मी विचारलं, सर, माझ्या निबंधातलं तुम्ही काढायला लावलंत ते यासाठीच का? त्यावर ते जे म्हणाले ते मी विसरणार नाही. म्हणाले, तुझ्याकडं असून तुला वापरता येत नव्हतं, ते फुकट गेलं असतं. दोघींपैकी एक तरी जाऊ दे की बीदरची. हे बोलताना त्यांना खरोखर वाटत होतं की ते गावाचं भलं करतायत. दोन वर्षं ज्या माणसाच्या टेबलावर मी वह्या ठेवल्या, त्यानं केसानं गळा कापला आणि वर चहा पाजला. तो चहा मी प्याले नाही, एवढाच काय तो माझा पराक्रम.

मे महिन्यात निकाल लागला. तिला घेतलं. मला प्रतीक्षेत ठेवलं, आणि ती प्रतीक्षा कधी संपली हे कळवायचीही कुणाला गरज वाटली नाही. मी कलबुर्गीला बीएला प्रवेश घेतला, अजून तिथंच शिकते. भाषांचा अभ्यास तिथं नाही, इतिहास आणि कन्नड घेतलं. वाईट चाललंय असं नाही. पण वर्गात कधी बाक सरकला की मी आधी मागं वळून बघते, कोण बसतंय ते.

घरी मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. नंबर लागला नाही, एवढंच सांगितलं. आईला त्या फोटोचं कळू नये, असं मला वाटत होतं. ती शरमेनं मरून जाईल, अशी माझी खात्री होती.

जूनमध्ये मैत्रीण बेंगळुरूला जायच्या आधी आई-वडिलांसह गाडी घेऊन आमच्या घरी आली. पेढे आणले, आईला साडी आणली. मी गोठ्यात जाऊन बसले ते बाहेर आलेच नाही. म्हशीला आधीच वैरण होती, तरी मी पुन्हा घातली. आईनं दोनदा हाक मारली. सोप्यातलं बोलणं ऐकू येत होतं. ती आईच्या पाया पडली असावी, कारण आई म्हणाली, मोठी हो बाळ, माझ्या लेकीला बी संगं नेली असतीस तर बरं झालं असतं. मग आईनं तिच्या हातावर दही-साखर ठेवली. गाडी गेल्याचा आवाज आला तेव्हा माझ्या हातातली दोरी मी इतकी आवळली होती की तळव्यावर वळ उठले होते.

त्या संध्याकाळी माझ्यानं राहवलं नाही. आई चुलीपाशी मेथी निवडत बसली होती. पेढ्यांचा डबा उघडा होता, आणि त्यातला एक तिनं माझ्यासाठी वाटीत काढून ठेवला होता. ते बघून माझा तोल गेला. मी फोनवर ते पान उघडलं आणि तिच्यापुढं धरलं.

तिनं हात पुसले, फोन लांब धरून बघितला. चांगला आलाय की फोटो, म्हणाली.

मी खाली काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. अनवाणी. अर्धपोटी. मजुरांची झोपडी. दर अमावस्येला गरम जेवण. एकेक ओळ मराठीत करून सांगितली, हळू, काही राहू नये म्हणून. आयुष्यभर मी बायकांचं दुखणं एका भाषेतून दुसरीत नेलं होतं, आणि इतकं जड कधी गेलं नव्हतं. मग मुलाखतीचं सांगितलं, सरांचं सांगितलं. सांगून झाल्यावर मी वाट बघत बसले. खरं सांगते, मी तिच्या रागाची वाट बघत होते. इतके महिने मी एकटी जळत होते. आता ती पेटेल, तो डबा उकिरड्यावर फेकून देईल, ती साडी परत पाठवेल, आणि आम्ही दोघी एका बाजूला असू.

आई मेथीच्या जुडीकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "त्या बाई तुला काय इचारल्या म्हणलीस?"

मी पुन्हा सांगितलं. लाभ झाला का, असं विचारलं.

"मंग व्हय म्हणली असतीस तर घेतले असते का तुला?"

"घेतले असते. बहुतेक."

"मंग कामून न्हाई म्हणलीस?"

मला वाटलं, तिला समजलंच नाही. मी म्हटलं, "माय, तू उपाशी हुतीस म्हणून सांगू? तू हात पसरलीस म्हणून सांगू लोकाला?"

"सांगायचं हुतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "म्या उपाशी हाय म्हणलं म्हणून उपाशी झाले असते का? माझ्या ताटातलं काय कमी झालं असतं? तू गेली असतीस की गं."

जिच्या मानेसाठी मी एवढं घालवलं होतं, तिनं ती मान कधीच मागितली नव्हती. मला तिचा राग आला, भयंकर आला, आणि तो काढायला जागा नव्हती. सरांवर काढता येत होता, मैत्रिणीवर काढता येत होता. हिच्यावर कसा काढायचा?

आईनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा मेथी हातात घेतली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तिला तिच्या मायनं शिकवलं असंल. म्या तुला न्हाई शिकवलं, माझंच चुकलं."